शमुवेल मास्तरांचा मोहाचा तास

शमुवेल मास्तरांच्या वर्गात दर रविवारी सकाळी टेबलावर मावाजलेबीची ताटली ठेवलेली असायची, आणि ती तासभर कुणी खायची नाही, एवढाच त्या तासाचा अभ्यास असायचा.

बुऱ्हाणपूरची मावाजलेबी ज्यांनी खाल्लेली नाही, त्यांना यात अवघड काय ते कळणार नाही. काळसर तांबडी, जाडजूड, पाक पिऊन जड झालेली. मास्तर ती चौकातून स्वतः जाऊन आणत. दुसऱ्या कुणाला पाठवलं तर तो वाटेतच मोहात पडेल आणि तासाला विषय उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग ताटली टेबलाच्या मधोमध ठेवायची, समोर बोर्डिंगची पंचवीस ख्रिस्ती मुलं-मुली मांडी घालून बसवायची, आणि मास्तर शास्त्रातल्या गोष्टी सांगायचे. कोण कसा मोहात पडला, कोण कसा सावरला. मुलांचे कान गोष्टीकडे आणि डोळे ताटलीकडे.

"मास्तर, जलेबी मलेच पाहून राह्यली," असं एकदा याकोब नावाचा पोरगा अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला.

"पाहू दे तिला," मास्तर म्हणाले. "पहिला क्षण तू सांभाळ, बाकीचे देव सांभाळतो."

हे त्यांचं पालुपद होतं. मूल भांडलं, खोटं बोललं, कुणाच्या मळ्यातून केळी तोडून आणली, की मास्तर एवढंच विचारायचे, "पहिल्या क्षणी कुठे होतास?"

तासाचा नियम साधा होता. ताटली शाबूत राहिली तर शेवटी सगळ्यांना वाटून मिळायची. एक जरी तुकडा कमी झाला, तरी सगळी ताटली शेजारच्या घरी जायची. शेजारचं घर म्हणजे आमचं. त्यामुळे माझी दोन्ही पोरं रविवारी आंघोळ करून देवापुढे हात जोडून उभी राहायची. यांना एवढी भक्ती कुठून आली म्हणून मी एकदा कान देऊन ऐकलं, तर आज कुणीतरी मोहात पडू दे अशी प्रार्थना चालली होती.

मी मास्तरांच्याच मिशनच्या शाळेत खालच्या वर्गांना गणित शिकवत असे. माहेर बहादरपूरचं, केळीवाल्या चौधऱ्यांचं. लग्नही चौधऱ्यांतच झालं, म्हणून नाव बदलायचा त्रास पडला नाही. यजमान नगरपालिकेत कारकून. मिशनच्या आवाराला लागून आम्ही भाड्यानं राहायचो आणि मास्तरांची ओसरी आमच्या अंगणाला भिडलेली. मोहाचा तास त्या ओसरीवरच भरायचा. मी अंगणात तांदूळ निवडत बसायची, आणि खरं सांगायचं तर रविवारचे तांदूळ मी फार सावकाश निवडायची.

मास्तर बुटके, गोरे, पन्नाशी ओलांडलेले. बायको फार पूर्वी गेली होती. एकटेच राहायचे, हातानं रांधायचे आणि बहुतेक दिवस खिचडीच रांधायचे. पण त्यांच्यासारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही, आणि हे मी कौतुकानं म्हणत नाही, कारण त्या प्रामाणिकपणाचा ताप मला झालेला आहे. तासाच्या सुरुवातीला ते आधी स्वतःचा आठवडा सगळ्या वर्गापुढे मांडायचे.

एका रविवारी ते म्हणाले, "या आठवड्यात मला चार मोह झाले. सोमवारी शेजारच्या चौधरीबाईंकडून कांद्याच्या भज्यांचा वास आला. मी खिडकी लावून घेतली. जिंकलो. मंगळवारी बाईंनी भजी घेऊनच दार वाजवलं. हरलो."

पंचवीस मुलांनी वळून माझ्याकडे पाहिलं. हातात सूप घेऊन बसलेली सैतानाची बायको त्यांना पहिल्यांदाच दिसत असावी.

"बुधवारी हेडमास्तरांना मूर्ख म्हणावंसं वाटलं. जिंकलो."

त्या दिवशी नेमके हेडमास्तर मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, "मास्तर, असं का वाटलं तुम्हाला?"

"ते सांगायचा मोह आत्ता आवरतोय, साहेब," मास्तर म्हणाले आणि चौथ्या मोहाकडे वळले.

मोह जिंकायचा, म्हणजे नुसतं हात आवरून बसायचं नाही. त्यानं विश्वास वाढला पाहिजे, असंही त्यांचं होतं. त्यासाठी ओसरीच्या भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावानं खडूची रेघ होती. आठवड्यात एखादा मोह जिंकला की रेघ बोटभर वर, हरला की बोटभर खाली. कुणी कमी-जास्त सांगायचं नाही, विचारायचं तेही मुलालाच. करुणा नावाची एक हाडकुळी मुलगी होती, तिची रेघ खिडकीच्या वर गेली होती, आणि आता खडू पोचत नाही म्हणून मोह जिंकू की नको असं तिनं एकदा गंभीरपणे विचारलं होतं. सगळ्यात खालची रेघ मास्तरांची स्वतःची. ती जमिनीपासून वीतभर वर होती आणि वर्षभर तिथेच असायची.

नाताळच्या आधी चुना लागला की सगळ्या रेघा पुसल्या जायच्या. पहिल्या वर्षी करुणा रडली. मास्तर म्हणाले, "क्षमा अशीच असते बेटा, चुन्यासारखी. याकोबचं वाईट पण गेलं, तुझं चांगलं पण गेलं. चल, नव्यानं सुरू कर." याकोबला ही शिकवण फार आवडली.

मला वाटायचं, हे सगळं पोराटोरांना ठीक आहे. एकदा मी बोलून गेले, "मास्तर, आमच्यात वर्षाला चोवीस एकादश्या असतात. तुमच्या ताटलीची मला काय मातब्बरी?"

एकादशी अन् दुप्पट खाशी, हे मास्तरांनाही ठाऊक होतं, पण ते म्हणाले नाहीत. "बसून पाहा," एवढंच म्हणाले.

मी पुढच्या रविवारी बसले. अर्धा तास छान गेला. मग ताटलीच्या काठाशी पाकाचा एक थेंब ओघळलेला दिसला. तो टेबलावर पडून मुंग्या लागतील, असं मला गृहिणी म्हणून वाटलं. मी तो बोटानं पुसला आणि बोट कुठे पुसावं हे न सुचल्यामुळे तोंडात घातलं. वर्गात एकच सुस्कारा निघाला. नियमाप्रमाणे ताटली आमच्याच घरी आली. पोरं नाचली. बोर्डिंगची मुलं पुढे महिनाभर मला पाहिलं की कुजबुजायची, आणि त्यांना रागावायला मला तोंड नव्हतं.

मास्तर संध्याकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, बाई. जलेबीनं नाही पाडलं तुम्हाला. 'मला जमतं' यानं पाडलं." त्यानंतर मी त्यांना मनापासून मानू लागले, पण भजी पाठवायची सोडली नाहीत.

ते दिवस राज्यांच्या फेररचनेचे होते. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आमची राजधानी भोपाळ झाली, आणि आम्ही मराठी बोलणारे बुऱ्हाणपूरकर होतो तिथेच बसल्या बसल्या नव्या मध्य प्रदेशाचे झालो. कचेरीतले कागद हिंदीत येऊ लागले. शाळेतही पुढच्या सालापासून हिंदी वाढणार असं बोललं जाई. मास्तरांना त्याची फिकीर नव्हती. "सैतानाला दोन्ही भाषा येतात," ते म्हणायचे, "मग आपल्याला यायला काय हरकत आहे?" पण बरेच मराठी मास्तर बदली मागून खानदेशात चालले होते. रोज कुणाचा तरी निरोपसमारंभ, रोज चिवडा.

अशात मास्तरांना भुसावळहून पत्र आलं. तिथल्या मिशनच्या शाळेत हेडमास्तरांची जागा होती, राहायला घर होतं. सोमवारपर्यंत, म्हणजे दहा दिवसांत, होय की नाही कळवायचं होतं. मी आनंदानं म्हटलं, "मास्तर, उत्तमच झालं." मास्तरांचा चेहरा दुखणं आल्यासारखा झाला होता.

"बाई, सैतान हुशार आहे," ते म्हणाले. "एवढी गावं सोडून त्यानं बरोबर भुसावळ निवडलं."

मग कळलं ते असं. मास्तरांना एक मुलगी होती, मार्था. आई गेल्यावर तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं. पाच वर्षांपूर्वी तिनं भुसावळच्या एका रेल्वे गार्डाशी लग्न केलं. मुलगा चांगला, निर्व्यसनी, ख्रिस्तीच. पण कॅथलिक.

"म्हणजे ख्रिस्तीच ना?" मी विचारलं.

"बाई, तुमच्या बहादरपुरात लेवा आणि गुजर एकाच विहिरीवर पाणी भरतात. सोयरीक होते का?"



लग्न ठरलं तेव्हा मास्तरांनी चर्चच्या पाळकसाहेबांसमोर, चार माणसांत, लेकीला सांगून टाकलं होतं की तुझ्या दारात मी पाय ठेवणार नाही. दिलेला शब्द मोडावा असं वाटणं म्हणजे मोह. म्हणून पाच वर्षं ते भुसावळला गेले नव्हते, पत्र लिहिलं नव्हतं. नोकरीच्या निमित्तानं भुसावळला जायचं म्हणजे मागच्या दारानं मोहात शिरायचं, असा त्यांचा हिशेब होता. मी पुष्कळ समजावलं. रागानं तोंडातून गेलेला शब्द आणि देवाला दिलेला शब्द सारखा असतो का, असंही विचारलं. ते बधले नाहीत. मला त्यांचा संताप आला आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं.

रविवारी मुलांनी पाहिलं तर ताटलीत जलेबी नव्हती. ताटलीत ते पत्र होतं.

मास्तरांनी मुलांना काही लपवलं नाही. नोकरी सांगितली, लेक सांगितली, शब्द सांगितला. मग म्हणाले, "आता बोला. हा मोह आहे की नाही?"

याकोब म्हणाला, "बढती मिळून राह्यली तर जा ना मास्तर, इसमें क्या." मग त्याच्या लक्षात आलं की मास्तर गेले तर आपलं काय, आणि तो म्हणाला, "नको, नका जाऊ. मोहच आहे तो." दोन लहान मुली रडायला लागल्या. एकानं मास्तरांच्या जागी नवे मास्तर जलेबी आणतील का असं विचारलं, त्याला शेजारच्यानं कोपर मारलं.

करुणा मात्र बराच वेळ ताटलीकडे पाहत होती. म्हणाली, "मास्तर, आपण जलेबी नाही खाल्ली तर जलेबीला वाईट नाही वाटत."

"मग?"

"ताईला वाटत असेल."

मी सुपातला हात थांबवला. मास्तर उभे होते ते खुर्चीत बसले. घड्याळाकडे न पाहताच त्यांनी तास संपल्याचं सांगितलं आणि ताटली उचलून आत गेले. त्या दिवशी कुणाच्याच रेघा हलल्या नाहीत.

आठवडाभर ते कुणाशी त्या विषयावर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. उत्तर पाठवायला तीन-चार दिवस उरले तसा माझाच जीव खालीवर होऊ लागला. माझी खात्री होती की ते नाही म्हणून कळवणार आणि खिचडी खात म्हातारे होणार.

शनिवारी सासूबाई माझ्या धाकट्या दिराकडे भुसावळला जायला निघाल्या. मी त्यांना पोचवायला टांग्यानं लालबागला, स्टेशनवर गेले. पॅसेंजर येऊन उभी राहिली होती, इंजिन पाणी घेत होतं. बायकांचा डबा शेवटी, गार्डाच्या डब्याला लागून. सासूबाईंना खिडकीपाशी बसवलं, गाठोडं वर दिलं आणि वळले, तर पलीकडे गाडीत चढवायला रचलेल्या केळीच्या घडांच्या आड शमुवेल मास्तर.

"मास्तर, तुम्ही इथे कसे?"

"पेपर घ्यायला आलो होतो," ते म्हणाले. हातात पेपर नव्हता. मग ते कसनुसे झाले. "खोटं बोललो, बाई."

"मग खरं काय?"

त्यांनी बोटानं शेवटचा डबा दाखवला. पांढऱ्या कपड्यातला एक उंच गार्ड कुणाशी तरी बोलत उभा होता. "तो फ्रान्सिस. मार्थाचा नवरा. शनिवारी त्याची पाळी याच गाडीवर असते."

"मग?"

"मग काही नाही. इथून त्याचं तोंड पाहतो. हसरं असलं की समजायचं, घरी बरं आहे. दोन वर्षांमागे एकदा तो गाणं म्हणत खाली उतरला. तेव्हा ओळखलं, मार्थाला मूल झालं असणार."

"दर शनिवारी येता?"

"दर शनिवारी." मास्तरांनी मान खाली घातली. "हे मी वर्गात कधी सांगितलं नाही, बाई. भज्यांचं सांगितलं, हेडमास्तरांचं सांगितलं. हे नाही सांगवलं. पाच वर्षं प्रत्येक शनिवारी हरलोय."

मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की माझा आवाज चढतो. मी तिथूनच हाक मारली, "अहो गार्डसाहेब, जरा इकडे या."

मास्तर घडांच्या आणखी आड सरकले. पण गार्ड सरळ तिकडेच चालत आला, जणू वाट माहीतच होती. टोपी काढून सासऱ्यांना म्हणाला, "सलाम, मामा."

मास्तर घडांच्या आडून बाहेर आले.

"मामा, तुम्ही नेहमी इथंच उभे राहता. मला दिसतं ना," फ्रान्सिस म्हणाला. "मी घरी गेलो की मार्था पहिलं हेच विचारते, बाबा दिसले का, वाळले तर नाही ना. मागच्या थंडीत दोन शनिवार तुम्ही आले नाहीत तर ती जेवली नाही नीट."

"ताप होता," मास्तर पुटपुटले. "मग हाक का नाही मारलीस कधी?"

"तिनंच मना केलं. म्हणाली, हाक मारली तर लाजून यायचेच बंद होतील. मग निदान दिसतात तेही जाईल."

मास्तर त्याच्याजवळ सरकले. मग विचारलं, "मूल काय आहे?"

"मुलगी. मार्थानं स्वतःच्या आईचंच नाव ठेवलं."

मास्तरांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. पहिली घंटा झाली. फ्रान्सिस म्हणाला, "चला मामा, माझ्याच डब्यात बसा."

"तिकीट नाही काढलेलं."

"मामा, मी गार्ड आहे."

"म्हणूनच," मास्तर म्हणाले. खिशातून ते भुसावळचं पत्र काढून त्यांनी पाहिलं आणि परत नीट ठेवलं. "बाई, हेडमास्तरांना सांगा, याचं उत्तर मी तिथेच जाऊन देतोय. होय म्हणून." दोन पावलं गेले आणि पुन्हा फिरले. "उद्याचा तास?"

"मी घेते ना."

माझ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "ताटली झाकून ठेवा," ते म्हणाले आणि तिकिटाच्या खिडकीकडे निघाले. खिडकी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. मास्तरांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दोन्ही हात अंगाशी धरून, कुणाला धक्का लागला की थांबून माफी मागून, पुन्हा पळत.

दुसरी घंटा झाली. सिग्नल पडला. इंजिनानं शिटी दिली आणि थोड्या वेळानं पुन्हा दिली. फ्रान्सिस हिरवा बावटा काखेत मारून उभा होता आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत होता.

सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काबरं वो, गाडी काऊन सुटत नाई?"

"एक माणूस तिकीट काढतोय, आई."

"येका मानसासाठी गाडी थांबली? कोनी मोठा सायब हाय का?"

"नाही. आमच्या शाळेतले मास्तर आहेत. पाच वर्षांनी लेकीकडे चालले आहेत."

सासूबाईंनी तिकिटाच्या खिडकीकडे पाहिलं. मग गाठोडं मांडीवर ओढून घेतलं आणि निवांत मागे टेकून बसल्या.

"मंग थांबू दे," त्या म्हणाल्या.